एक ट्रक खत की चार ट्रक मका? मलावीच्या खत-अनुदानाची वीस वर्षे

लिंबेकर (धागाकर्ता)

आपल्याकडच्या खतांच्या अनुदानावर इथे नुकतीच जी चर्चा झाली, तिच्यात एका सदस्यांनी ‘मलावीने खत वाटून दुष्काळ हटवला’ असे लिहिले होते आणि लगेच खाली दुसऱ्यांनी ‘मलावी खत वाटून कर्जबाजारी झाला’ असे उत्तर दिले होते. आग्नेय आफ्रिकेतील मलावी या देशाच्या दक्षिण भागात, लिंबे येथे एका डाळ गिरणीसाठी तूर खरेदी करण्यात माझी अकरा वर्षे गेली. ही दोन्ही वाक्ये मी तिथे एकाच माणसाच्या तोंडून ऐकलेली आहेत; पहिले मे महिन्यात, मका घरात आल्यावर, आणि दुसरे जानेवारीत, कणगी रिकामी झाल्यावर. तेव्हा हा विषय स्वतंत्र धाग्यात मांडावा असे वाटले.

मलावीत पाऊस एकदाच पडतो, नोव्हेंबर ते एप्रिल. सिंचन फारसे नाही. बहुतेक कुटुंबांची जमीन एका हेक्टरच्या आत, म्हणजे अडीच एकरांहून कमी, आणि तिच्यातील बहुतेक भागावर मका. मक्याच्या पांढऱ्या पिठाचा, आपल्या उकडीसारखा घट्ट शिजवलेला ‘न्सिमा’ हेच जेवण. न्सिमा झाला नसेल तर माणूस ‘आज जेवलो नाही’ असे सांगतो, मग त्याने पोटभर रताळी का खाल्लेली असेनात. ‘चिमांगा न्दी मोयो’, म्हणजे मका हाच प्राण, अशी तिथे म्हण आहे. एप्रिल-मेमध्ये काढलेला मका अनेक घरांत डिसेंबरच्या सुमारास संपतो आणि तेव्हा नवे पीक गुडघ्याएवढेही झालेले नसते. नेमक्या त्या दोन-तीन महिन्यांत बाजारातला मका कडाडतो आणि गरीब कुटुंबे ‘गान्यू’ला, म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर रोजाने खुरपायला जातात. दुसऱ्याचे शेत वेळेवर खुरपले जाते, स्वतःच्या शेतात तण माजते, आणि पुढच्या वर्षी मका आणखी लवकर संपतो. हे चक्र मी आधी सांगितले, कारण मलावीतील बहुसंख्य लहान शेतकरी जेवढा मका विकतात त्यापेक्षा जास्त विकत घेतात. अनुदानाचा विचार ‘उत्पादक’ डोळ्यांसमोर ठेवून केला की पहिल्याच पायरीवर चूक होते.

१९९०च्या दशकात तिथली सरकारी पीककर्ज यंत्रणा कोलमडली, क्वाचा या चलनाचे अवमूल्यन झाले आणि खतावरचे जुने अनुदानही गेले. १९९८ मध्ये ‘स्टार्टर पॅक’ नावाची योजना आली. सुमारे २८ लाख कुटुंबांना, म्हणजे जवळजवळ प्रत्येक शेतकरी घराला, १५ किलो खत, २ किलो संकरित मका आणि थोडे कडधान्याचे बी फुकट मिळाले. एक दशांश हेक्टराला पुरेल इतके. दोन वर्षांनी, मदत देणाऱ्या देशांच्या आग्रहामुळे, ही संख्या कमी करण्यात आली. त्यातच राखीव धान्यसाठा कमी करण्याचा सल्ला सरकारला मिळाला आणि प्रत्यक्षात तो जवळजवळ सगळाच विकला गेला. २००१-०२ च्या हंगामात लोक उपासमारीने मेले. २००५ मध्ये पुन्हा पीक बुडाले. गरज २१ लाख टनांच्या आसपास आणि हाती आले १२ लाख टन. चाळीस लाखांहून अधिक लोकांना अन्नमदत लागली.

त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष बिंगु वा मुथारिका यांनी, जागतिक बँक आणि अमेरिकी मदतसंस्था नाराज असतानाही, कुपनांची योजना सुरू केली आणि पहिल्या वर्षीचा खर्च स्वतःच्याच तिजोरीतून केला. निवडलेल्या कुटुंबाला दोन कुपने मिळत. एक २३:२१:० (नत्र:स्फुरद:पालाश) या मिश्रखताच्या ५० किलोच्या गोणीचे, दुसरे युरियाच्या ५० किलोच्या गोणीचे. शेतकऱ्याने प्रत्येक गोणीला ९५० क्वाचा भरायचे, म्हणजे बाजारभावाच्या साधारण एक तृतीयांश. पुढच्या काळात १५ ते १७ लाख कुटुंबांपर्यंत ही कुपने पोहोचू लागली. सरकारी आकड्यांनुसार २००६ चे पीक २५ लाख टनांवर गेले आणि २००७ चे ३२ लाखांच्याही वर.

आता माझा हिशेब. दोन गोण्यांत मिळून साडेचौतीस किलो नत्र असते. एक किलो नत्रामागे १२ किलो मका वाढला असे धरले, आणि हा आकडा मलावीच्या अभ्यासांत वारंवार येतो, तर शंभर किलो खतातून ४१४ किलो मका जास्त मिळाला. मलावीला समुद्रकिनारा नाही. बैरा, नकाला किंवा दार-ए-सलाम बंदरातून शेकडो किलोमीटर रस्त्याने किंवा रेल्वेने माल आणावा लागतो आणि वाहतूकच मालाला खाऊन टाकते. बंदरावरून खताचा एक ट्रक आणला, तर मक्याचे चार ट्रक आणावे लागत नाहीत. मला ही योजना शेतीची योजना कधी वाटलीच नाही. ती धान्य आयात टाळण्याची योजना आहे, आणि तिचे यशापयश याच तराजूत तोलले पाहिजे. सदस्यांची मते वाचायला आवडतील.


आकडेबाज

लेख आवडला, पण ‘सरकारी आकड्यांनुसार’ हे दोन शब्द आपण फार हलक्या हाताने टाकलेत. २००७ मध्ये पीक विक्रमी आले म्हणून मलावी सरकारने झिम्बाब्वेला चार लाख टन मका विकण्याचा करार केला आणि त्यातला बराच मका खरोखर सीमेपार गेला. त्यानंतर काही महिन्यांतच देशातल्या बाजारात मक्याचे भाव भडकले आणि २००८ च्या ऑगस्टमध्ये सरकारने खासगी व्यापाऱ्यांवर बंदी घालून सगळा व्यवहार आडमार्क या सरकारी खरेदी-विक्री महामंडळाच्या हाती दिला. गरजेपेक्षा दहा लाख टन जास्त पिकवणाऱ्या देशात, त्यातले निम्मेही बाहेर गेलेले नसताना भाव का भडकावेत? व्यापाऱ्यांनी साठेबाजी केली हे उत्तर सरकारने दिले. माझे उत्तर साधे आहे: तेवढा मका पिकलाच नव्हता. पीक अंदाज ज्या खात्याने काढला, तेच खाते ती योजना चालवत होते.

दुसरे असे की, ज्याला कुपन मिळते तो कधी कधी आधी बाजारातून विकत घेत असलेली गोणी घेणे बंद करतो. एफ्राइम चिर्वा, जेकब रिकर-गिल्बर्ट आणि थॉमस जेन यांच्या अभ्यासात अनुदानित खताच्या प्रत्येक किलोमागे सुमारे २२० ग्रॅम खासगी विक्री घटलेली दिसते. म्हणजे सरकारने शंभर किलो वाटले, तरी शेतात ७८ किलोच वाढले. आपले चार ट्रक इथेच तीनवर आले.


लिंबेकर

आकडेबाज, आपला पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पीक अंदाजासाठी कृषी सहायक काही निवडक शेतांवर जाऊन कणसे मोजतो आणि उरलेले गणित कार्यालयात होते; तो मोटारसायकलवर फिरतो आणि पेट्रोल संपले की नमुना रस्त्याकडेच्या शेतांचाच निघतो. रस्त्याकडेचे शेत नेहमीच बरे असते. त्यामुळे ३२ लाख टन या आकड्यावर माझाही विश्वास नाही. मात्र २००६ नंतर काही वर्षे मोठ्या प्रमाणावर अन्नमदत मागवावी लागली नाही, हे गोदामांच्या नोंदींवरूनही दिसते, आणि ग्रामीण भागात गान्यूची मजुरी मक्याच्या मोजमापात वाढली, असे चिर्वा व अँड्र्यू डॉरवर्ड यांनी दाखवले आहे. ज्याला एकही कुपन मिळाले नाही, त्या मजुरालाही दिवसाच्या कामात पूर्वीपेक्षा जास्त मका मिळू लागला. योजनेचा हा लाभ लाभार्थींच्या यादीत कुठेच नोंदला जात नाही.

२२० ग्रॅमच्या बाबतीत मात्र एक पुस्ती जोडतो. ती घट मुख्यतः बऱ्या परिस्थितीतल्या शेतकऱ्यांकडची आहे. ज्याने कधी खत विकत घेतलेलेच नाही, त्याच्याकडे घटण्यासारखे काही नसते.


बियाणेवाला

माझे परभणी जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र आहे, त्यामुळे माझा प्रश्न दुकानाच्या फळीवरचा आहे. आपल्याकडे अनुदान कंपनीला मिळते, शेतकऱ्याला गोणीच स्वस्त पडते. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, मग तो दोन एकरवाला असो की वीस एकरवाला. पॉस मशीनवर अंगठा लावला की झाले. तिथे ‘निवडलेले’ कुटुंब असे आपण लिहिले आहे. ते निवडतो कोण? आणि न निवडलेला शेजारी गप्प बसतो का?


लिंबेकर

बियाणेवाला, खरी गोष्ट त्या फळीवरच आहे. कागदोपत्री निवड गावसभेत व्हायची, नावे सर्वांसमोर वाचली जायची, आणि विधवा, आजारी माणसे, अनाथ मुले सांभाळणाऱ्या आजीबाई यांना प्राधान्य होते. प्रत्यक्षात गावाच्या मुखियाचा शब्द शेवटचा असे. पण त्याने लबाडीच केली असे मात्र समजू नका. एका गावात मी डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. तीस-बत्तीस घरे, कुपने बारा घरांना. गोण्या आल्यावर मुखियाच्या अंगणात एक ताडपत्री अंथरली गेली, सगळ्या गोण्या तिच्यावर ओतल्या गेल्या आणि एक बाई प्लास्टिकच्या ताटलीने मोजून प्रत्येक घराच्या टोपल्यात खत घालू लागली. युरिया वेगळा, मिश्रखत वेगळे. ताटली काठोकाठ भरली की ती हाताने वरचे दाणे सपाट करून परत ताडपत्रीवर पाडायची आणि भोवती उभ्या असलेल्या सगळ्या बाया त्या हाताकडे बघत असायच्या. मी मुखियाला विचारले की, हे नियमात बसते का. तो म्हणाला की, नियम करणारे साहेब राजधानीत, लिलाँग्वेला राहतात, मला इथे राहायचे आहे.

अशी वाटणी देशभर सर्रास होत असे. त्यामुळे हिशेबात दोन गोण्या मिळालेल्या घराला प्रत्यक्षात पाऊण गोणी मिळे आणि हिशेबात काहीच न मिळालेल्या घरालाही पाऊण गोणी मिळे. दोन गटांची तुलना करणाऱ्या अभ्यासकांची यामुळे किती पंचाईत होत असेल, याची कल्पना आकडेबाज यांना येईल.

२०२० पासून कुपने गेली आणि राष्ट्रीय ओळखपत्र आले. दुकानदाराच्या मोबाइल यंत्रावर कार्ड दाखवायचे आणि गोणी घ्यायची. आपल्या पॉस मशीनचाच भाऊ. पण नेटवर्क गेले की रांग थांबते. एका विक्री केंद्राबाहेर मी सकाळी ज्या बाया पाहिल्या, त्याच संध्याकाळी परतताना तिथेच होत्या; पाठीला बांधलेले मूल आता मांडीवर आले होते, एवढाच फरक. काही जणींनी चितेंजे, म्हणजे कमरेला गुंडाळायचे कापड, अंथरून रात्र तिथेच काढली. डिसेंबर उजाडला होता, पाऊस सुरू झाला होता आणि मका टोकून झालेला होता.


मृदाशास्त्री

हा शेवटचा मुद्दा लिंबेकरांनी जाता जाता सांगितला, पण त्यांचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. ‘एक किलो नत्राला १२ किलो मका’ हा आकडा निसर्गाने ठरवून दिलेला नाही. मिश्रखत पेरणीच्या वेळी, युरिया तीन-चार आठवड्यांनी, वेळेवर खुरपणी, दोन ओळींत ७५ सेंटिमीटर अंतर आणि दर २५ सेंटिमीटरवर एकच दाणा (मलावीत या टोकणीला ‘सासाकावा’ म्हणतात), आणि बी संकरित असेल तर १२ काय, त्याहून जास्तही मिळतात. युरिया जानेवारी अखेरीस आला, तुरा बाहेर पडायच्या बेतात असताना टाकला आणि शेतात तण कंबरेएवढे असले, तर त्याचे सहा-सातच होतात. आणि लक्षात घ्या, ज्याने गान्यूला जाऊन स्वतःचे शेत उशिरा खुरपले, त्याच्याच शेतात हे प्रमाण सर्वांत कमी असते. गरिबाला खत द्यावे तर धान्य कमी वाढते, सधनाला द्यावे तर तो विकत घेणे थांबवतो, असा हा पेच आहे. खताचा टनाचा भाव मक्याच्या टनापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे चार ट्रकांचे दोन झाले की आयात टाळण्याचा आपला युक्तिवाद संपतो.

दुसरे कारण जमिनीत आहे. वर्षानुवर्षे मक्यावर मका, धाटे जाळलेली किंवा जनावरांनी खाल्लेली, सेंद्रिय कर्ब घटलेला, बऱ्याच ठिकाणी जमीन आम्लधर्मी. अशा जमिनीत युरिया टाकणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे. देशभर एकच २३:२१:० पाठवले गेले, पालाश शून्य, माती परीक्षण नाही. आपल्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने झिम्बाब्वेत बाटलीच्या झाकणाने मोजून रोपाच्या बुडाशी थोडेसे खत देण्याची जी पद्धत रुजवली, ती याच अडचणीवरचा एक तोडगा होता. मलावीतील प्रयोगांत तर असे दिसले आहे की, भुईमूग व तूर यांसारखी कडधान्ये आलटून-पालटून घेतली तर निम्म्या खतावरही मक्याचे उत्पादन पूर्ण खत दिलेल्या निव्वळ मक्याइतकेच येते. तिथे म्सांगू नावाचे एक झाड आहे. ते पावसाळ्यात पाने गाळते आणि कोरड्या दिवसांत हिरवे असते, त्यामुळे मक्यावर सावली पडत नाही आणि पाल्याचे खत मिळते. अशा गोष्टींना कुपन नाही, कारण त्यांची गोणी होत नाही आणि गोणीवर सरकारचा शिक्का मारता येत नाही.


शंकेखोर

सगळे वाचून माझा एक भाबडा प्रश्न. इतका खटाटोप करण्यापेक्षा सरकारने डिसेंबरात मका आयात करून स्वस्तात विकावा किंवा गरिबांना सरळ रोख पैसे द्यावेत. त्यात माती, तण, युरिया काहीच येत नाही.


लिंबेकर

शंकेखोर, आयातीचा प्रयोग २००१-०२ मध्ये झालेला आहे. मका मागवला गेला, पण तो बंदरांत आणि रस्त्यांवर अडकला आणि त्यातला बराचसा भूक सरल्यावर पोहोचला. मग तोच मका बाजारात आल्यामुळे नव्या पिकाचा भाव पडला, म्हणजे ज्यांनी कसेबसे पिकवले तेही बुडाले. रोख रक्कम देण्याची योजना २००६ मध्ये म्चिंजी जिल्ह्यात सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. ती चांगली आहे, तिच्याविरुद्ध मी काहीच म्हणणार नाही. परंतु बाजारात मका असला तरच पैशाला अर्थ आहे. दुष्काळी जानेवारीत शंभर जणांच्या हाती पैसा आणि गाडीवर दहाच पोती, असे झाले की दहा पोत्यांचा भाव तेवढा चढतो.

मृदाशास्त्री यांनी मला कोंडीत पकडले आहे आणि तिच्यातून मी पूर्ण सुटू शकत नाही. वेळेवर पोहोचलेल्या खताचा हिशेब चारचा आहे आणि उशिरा पोहोचलेल्याचा दोनचा, हे मान्य. मग खत उशिरा का पोहोचते हे पाहावे लागते. निविदा जूनमध्ये निघायला हवी, ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघते; कारण परकीय चलन नसते. मलावीचे परकीय चलन मुख्यतः तंबाखूच्या विक्रीतून येते आणि ते इंधन, औषधे व खत यांत वाटले जाते. (सुरुवातीच्या वर्षांत तंबाखूच्या खतालाही कुपने होती, हे इथे नमूद करायला हवे, अन्नसुरक्षेच्या नावाखाली ते खपून गेले.) २०२२ मध्ये तर सरकारने खतासाठी एका ब्रिटिश कंपनीला ७५ कोटी क्वाचा आगाऊ दिले आणि ती कंपनी मांसविक्रीच्या व्यवसायातली निघाली. राष्ट्राध्यक्ष चक्वेरा यांनी ऑक्टोबरात कृषिमंत्री आणि उपमंत्री दोघांनाही काढून टाकले. ऑक्टोबर म्हणजे पेरणीला जेमतेम महिना.


लुसाकाची पाहुणी

मी आहारतज्ज्ञ आहे. झांबियात चार वर्षे काम केले असल्यामुळे शेजारच्या अंगणातले सांगते. झांबियात २००२ पासून अशीच योजना आहे आणि तिच्या जोडीला सरकार ठरावीक भावाने मका खरेदीही करते. दोन्ही बाजूंनी मक्यालाच उत्तेजन. पोट भरते, नाही असे नाही. पण २०१८ च्या पाहणीत झांबियातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. मलावीत हे प्रमाण २०१० मध्ये ४७ टक्के होते, ते २०१५-१६ मध्ये ३७ पर्यंत उतरले. ही घट मोठी आहे, परंतु ती खताची की लसीकरणाची, स्वच्छ पाण्याची, हे कुणी ठामपणे सांगू नये. माझ्या केंद्रावर येणाऱ्या बाया बाळाला मक्याची पातळ पेज देत. त्यात शेंगदाण्याचे कूट घाला असे मी सांगे, तर उत्तर मिळे की, शेंगदाणे विकले. दोन गोण्यांच्या कुपनासोबत कडधान्याच्या बियाण्याचेही एक कुपन मलावीत होते ना? त्याचे काय झाले?


लिंबेकर

होते. ते कुपन माझ्या धंद्याचेच होते. शेंगदाणा, सोयाबीन, घेवडा, चवळी किंवा तूर यांपैकी एकाचे बी घ्यायचे. पण विक्री केंद्रावर बहुधा एकच वाण शिल्लक असे, आणि बी पेरण्याऐवजी शिजवून खाल्ल्याची उदाहरणेही माझ्या ओळखीत आहेत. जानेवारीत घरात पोरे उपाशी असली तर मीही तेच केले असते.

तुरीची गोष्ट मात्र जरा वेगळी आहे. तिथे तिला ‘नान्दोलो’ म्हणतात आणि दक्षिणेत ती मक्यातच लावतात. मका एप्रिलमध्ये निघतो, तूर पुढे ऑगस्टपर्यंत उभी राहते, पाला गाळते, मुळांतून नत्र देते. मृदाशास्त्री म्हणतात तो निम्म्या खताचा मार्ग तिथल्या शेतकऱ्याला आजीकडूनच माहीत आहे. त्या तुरीला बाजार कुठला, तर आपला. आपली खरिपाची तूर डिसेंबर-जानेवारीत येते; त्याआधीच्या टंचाईच्या महिन्यांत ‘मलावी तूर’ मुंबई बंदरात उतरते आणि तिथून डाळ गिरण्यांकडे जाते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये भारताने तूर आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा घातली. आपल्या शेतकऱ्याला तेव्हा भाव मिळत नव्हता, त्यामुळे ती मागणी चुकीची होती असे लातूरच्या माणसाने म्हणणे बरे दिसणार नाही. पण मी तेव्हा लिंबेच्या गोदामात उभा होतो. डोक्यावर पोते घेऊन आठ-दहा किलोमीटर चालत आलेल्या बाईला आदल्या वर्षीच्या भावाचा एक लहानसा अंश सांगायचा, हे काम माझे होते. तिने भांडण केले नाही. पोते उचलले आणि परत निघाली. पुढच्या हंगामात त्या भागात पुष्कळांनी तूर लावलीच नाही. २०२१ मध्ये भारताने मलावीकडून दरवर्षी ५० हजार टन तूर घेण्याचा पाच वर्षांचा करार केला, तेव्हा कुठे लोक पुन्हा वळले.


आकडेबाज

म्हणजे कडधान्य लावा असे सांगणारे सगळे कृषितज्ज्ञ एका बाजूला आणि दिल्लीची एक अधिसूचना दुसऱ्या बाजूला. हे कुठल्याही मूल्यमापन अहवालात मी वाचले नव्हते.

एक विचारायचे राहिले. खर्च इतका डोईजड होता, तर मधल्या काळात कुणी तो आवरायचा प्रयत्न केला नाही का? २००८-०९ मध्ये जागतिक बाजारात खत महागले तेव्हा ही एकटी योजना राष्ट्रीय अंदाजपत्रकाच्या सुमारे १६ टक्क्यांवर गेली होती.


लिंबेकर

केला, आणि तो कसा फसला हे पाहण्यासारखे आहे. २००५ मध्ये शेतकरी गोणीला ९५० क्वाचा भरत होता. २०११ मध्ये, बाजारभाव कितीतरी वाढलेला असताना, तो ५०० भरत होता. दर कमी करणे हे निवडणुकीचे सर्वांत सोपे भाषण आहे. २०१६ मध्ये सरकारने उलट दिशेने पाऊल टाकले. कुपनाची रक्कम ठरावीक ठेवली, वरचा फरक शेतकऱ्याने भरायचा असे केले, खासगी दुकानदारांना आत घेतले आणि लाभार्थी नऊ लाखांवर आणले. माझ्या मते वीस वर्षांतला तो सर्वांत शहाणा बदल होता. पण २०२०च्या निवडणुकीत चक्वेरा यांच्या टोन्से आघाडीने गोणी ४,४९५ क्वाचांना, आणि तीही जवळजवळ प्रत्येक शेतकरी कुटुंबाला, असे आश्वासन दिले. आघाडी जिंकली. हा आकडा तिथे शाळकरी पोरांनाही पाठ होता. पुढच्याच वर्षी तो ७,५०० झाला, त्याच्या पुढच्या वर्षी १५,०००, आणि लाभार्थी आधी २५ लाखांवर व मग १५ लाखांवर आले. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिणेतली शेते वाहून नेली, २०२४ मध्ये एल निनोमुळे २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर झाली. त्या वर्षी ज्यांना गोण्या मिळाल्या, त्यांच्याही शेतात फारसे काही आले नसणार. पाऊस नसताना बारा काय आणि सहा काय.


बियाणेवाला

लिंबेकर साहेब, तुरीचा मुद्दा मला पटला, पण एक अडचण वाटते. मका एप्रिलमध्ये निघाला की आपल्याकडे सुगीनंतर जशी जनावरे मोकळी सोडतात, तशी तिथे सोडत असतील. मग उभी तूर ऑगस्टपर्यंत वाचते कशी?


लिंबेकर

बियाणेवाला, आपण बरोबर नस पकडली. बऱ्याच ठिकाणी वाचत नाही. मध्य मलावीत तूर कमी दिसते याचे एक मोठे कारण मोकाट शेळ्या हेच आहे. दक्षिणेत जमीन दाट वस्तीची आणि जनावरे कमी, म्हणून तिथे ती टिकते. मी ज्या गावाची ताडपत्री सांगितली, तिथल्या मुखियाने एका वर्षी नियम केला की, ऑगस्ट संपेपर्यंत शेळ्या बांधूनच ठेवायच्या आणि कुणाची शेळी दुसऱ्याच्या तुरीत सापडली तर मालकाने एक कोंबडी द्यायची. दोन हंगाम तो नियम चालला आणि त्या गावची तूर मी पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट उचलली. तिसऱ्या वर्षी ओढ्यापलीकडच्या गावाच्या शेळ्या येऊ लागल्या. पलीकडचा मुखिया वेगळा होता आणि त्याने कोंबडी द्यायला नकार दिला. मी परत यायला निघालो, तेव्हा त्या दोघांची तिसरी बैठक व्हायची होती.